पायातली शीर धमनीच्या जागी जाते तेव्हा

आत्याच्या डाव्या मनगटावर तीन बोटं टेकवली की आत काहीतरी घुरघुरतं. "मांजर बसलंय माझ्या हातात," असं ती भेटायला येणाऱ्यांना सांगते. डायलिसिससाठी तिथे फिस्टुला केलाय. म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि तिच्या शेजारची शीर एकमेकींना शिवली आहे, त्यामुळे धमनीतलं जोरकस रक्त थेट शिरेत उतरतं. ऑपरेशन झालं तेव्हा ती शीर कातडीखाली निळसर रेघेसारखी जेमतेम दिसायची. दोन महिन्यांत ती पेन्सिलीएवढी जाड झाली. आता सुई टोचायला कुणाला चाचपावंही लागत नाही.

तिच्या भावाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, उजव्या पायाच्या आतल्या बाजूला घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत एक लांब व्रण आहे. ११ वर्षांपूर्वी बायपासच्या वेळी तिथली शीर काढून हृदयावर बसवली. एकूण तीन ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्त नेणाऱ्या जोडवाटा, होते, दोन या शिरेचे आणि एक छातीच्या आतून जाणाऱ्या धमनीचा. मागच्या वर्षी पुन्हा अँजिओग्राफी झाली, तेव्हा शिरेच्या दोनपैकी एक बंद पडलेला निघाला. धमनीचा ग्राफ्ट मात्र होता तसा होता.

घरात लगेच प्रश्न सुरू झाले. शीर मुळातच खराब होती का? पथ्यात चुकलं का? आत्याची शीर नव्या कामाला दोन महिन्यांत तयार झाली, मग बाबांची का थकली? मी त्यानंतर या विषयात जे वाचलं, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो. याचं उत्तर मला फार सुंदर वाटलं, आणि बायपास झालेल्या प्रत्येक घराला ते माहीत असायला हवं असंही वाटलं.

आधी शब्दांचं. शाळेच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला होत्या, घरात आपण सगळ्यालाच नस म्हणतो. इथे हृदयाकडून रक्त नेते ती धमनी आणि हृदयाकडे परत आणते ती शीर, एवढंच ठेवतो.

रक्तवाहिनी म्हटलं की डोळ्यासमोर पाण्याचा पाइप येतो, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. पाइपाला आपल्यातून किती पाणी जातंय याची खबर नसते. रक्तवाहिनीला ती क्षणाक्षणाला असते. तिच्या आतल्या बाजूला पेशींचं एकपदरी अस्तर आहे, त्याला एंडोथेलियम म्हणतात. त्याबाहेर स्नायूंचा थर आणि सगळ्यांत बाहेर धाग्यांचं वेष्टन. हे अस्तर आणि हा स्नायूंचा थर मिळून दोन गोष्टी मोजत असतात. पहिलीला मी ओढ म्हणतो, दुसरीला ताण.

नदीत उतरताना जाणती माणसं बजावतात, "जपून, पाण्याला ओढ आहे." तीच ही ओढ. वाहतं रक्त अस्तराला घासत, आपल्या दिशेनं खेचत पुढे जातं. ही ओढ किती बारीक असते ते बघा. धमनीत रक्ताचा सरासरी दाब १०० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल असतो. अस्तरावरची ओढ असते एक ते दोन पास्कल. दाबाच्या तुलनेत साधारण दहा हजारावा भाग! आणि धमनीनं किती रुंद असावं, हे मुख्यतः या नाजूक ओढीवरून ठरतं.

यामागचं गणित सोपं आहे. प्रवाह वाढला की ओढ त्याच प्रमाणात वाढते, पण नळी रुंद झाली की ओढ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. म्हणजे प्रवाह आठपट झाला आणि व्यास दुप्पट झाला, तर अस्तराला पूर्वीइतकीच ओढ जाणवेल. धमनी नेमकं हेच करायला बघते. ओढ वाढली की रुंद होते, ओढ घटली की आक्रसते, आणि ओढ नेहमीच्या मापावर आली की थांबते.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते रिखार्ड थोमा या जर्मन शास्त्रज्ञानं. कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या गर्भात रक्तवाहिन्यांचं आधी नुसतं जाळं असतं. ज्या फांद्यांतून रक्त जोरात धावतं त्या मोठ्या होतात, ज्यांतून ते रेंगाळतं त्या मिटून जातात, असं त्यानं १८९३ मध्ये लिहिलं. ओढीचं माप प्रत्यक्ष तपासायला मात्र १९८० उजाडलं. कामिया आणि तोगावा या जपानी संशोधकांनी कुत्र्यांच्या मानेतली धमनी शेजारच्या शिरेला जोडून तिच्यातला प्रवाह वाढवला. काही महिन्यांनी मोजलं तर धमनी रुंदावली होती आणि ओढ जवळपास मूळ मापावर परतली होती. सहा वर्षांनी लँगिल आणि ओडॉनेल यांनी सशांवर उलटा प्रयोग केला. मानेतल्या धमनीचा प्रवाह ७० टक्क्यांनी कमी केला, तर दोन आठवड्यांत तिचा व्यास २१ टक्क्यांनी घटला. स्नायू सैल करणारं औषध देऊनही ती पूर्ववत होईना, म्हणजे भिंतीची घडणच बदलली होती. आतलं अस्तर आधीच खरवडून काढलं असेल तर धमनी अशी आक्रसतच नव्हती. मोजणारं अस्तरच गेलं, मग हुकूम देणार कोण?

याचा सगळ्यांत मोठा नैसर्गिक प्रयोग गरोदरपणात होतो. गर्भाशयाकडे एरवी मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त जातं. दिवस भरत येतात तेव्हा तेच ५०० च्या पुढे गेलेलं असतं, आणि गर्भाशयाच्या धमन्या त्या बेतानं रुंद झालेल्या असतात. याच्या उलट, मांडीतून पाय कापावा लागला तर त्या बाजूची मांडीची धमनी हळूहळू बारीक होते, कारण रक्त न्यायला पुढे पायच उरलेला नसतो.

पेशीला ही ओढ कळते कशी? तिच्या पृष्ठभागावर प्रथिनांची दारं असतात, ती खेचली गेली की उघडतात. त्यातलंच एक पिएझो-१. ते २०१० मध्ये सापडलं, आणि ते शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. दार उघडलं की अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. तो शेजारच्या स्नायूंना सांगतो, सैल व्हा, आणि वाढू नका. अस्तरातून असं काहीतरी सुटतं हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं, पुढे १९९८ चं नोबेल या कामाला मिळालं. त्यातला "वाढू नका" हा भाग लक्षात ठेवा, बाबांच्या शिरेपाशी तो लागणार आहे. काही मिनिटांत नळी सैल होते, ती नुसती उसवलेली शिवण. प्रवाह आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर भिंतीतले जुने धागे तोडून नवे विणले जातात, म्हणजे मोठ्या मापाचा नवा कपडाच शिवला जातो.

ओढ नुसती किती आहे एवढंच पाहिलं जात नाही, ती एकमार्गी आहे का, हेही पेशी पाहतात. ओढ्याला पूर येऊन गेल्यावर काठचं गवत कसं एका दिशेला निजलेलं असतं, तशा सरळ धमनीत अस्तराच्या पेशी प्रवाहाच्या दिशेनं लांबट होऊन निजतात. जिथे फाटा फुटतो, जिथे रक्त घोटाळतं, पुढे-मागे हेलकावतं, तिथे पेशी गोलसर राहतात. त्या भागातलं अस्तर चिकट असतं, कोलेस्टेरॉलला आत वाट देतं. कोलेस्टेरॉल सगळ्या शरीरभर फिरत असूनही चरबीचा थर बहुतेकदा मानेतल्या धमनीच्या फाट्यावर आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या हृदयधमन्यांच्या वळणांवरच का बसतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे. पाटाच्या वळणावर, पाणी मंदावतं तिथेच गाळ बसतो, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता ताण. रक्ताचा दाब भिंतीला बाहेर ढकलतो आणि भिंत चहूबाजूंनी ताणली जाते. दाब जास्त असेल, नळी रुंद असेल किंवा भिंत पातळ असेल तर ताण वाढतो. तो कमी करायला भिंतीकडे मुख्य उपाय असतो, जाड होणं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला की धमन्यांच्या भिंती जाड होतात, त्या यामुळेच.

जाता जाता एक सांगतो, कारण "वर्षभरापूर्वीची अँजिओग्राफी नॉर्मल होती, मग अॅटॅक आलाच कसा" हे वाक्य आपण अनेक घरांत ऐकतो. धमनीच्या भिंतीत चरबी साठू लागली की धमनी बाहेरच्या बाजूनं फुगून रक्ताची वाट मोकळी ठेवते. सेमूर ग्लागॉव्ह यांनी १९८७ मध्ये माणसांच्या हृदयधमन्यांचे काप मोजून दाखवलं, की जवळपास ४० टक्के जागा चरबीनं व्यापेपर्यंत आतली वाट अरुंद होतच नाही. अँजिओग्राफीत फक्त आतल्या वाटेची सावली दिसते. म्हणजे वाट रुंद दिसली तरी भिंत आजारी असू शकते.

आता बाबांची शीर. पायातली ही सॅफेनस शीर शरीरातली सगळ्यांत लांब शीर आहे. पायातलं बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतून परत जातं, त्यामुळे ही काढली तरी पायाचं अडत नाही. तिचं आयुष्य शांत असतं. आडवं पडल्यावर आतला दाब १० मिलिमीटरच्या आसपास. उभं राहिलं की घोट्यापाशी तो ८०-९० पर्यंत चढतो खरा, पण तो स्थिर दाब, त्याला ठोका नसतो, आणि चालायला लागलं की पोटरीचे स्नायू तो खाली आणतात. रक्त खाली घसरू नये म्हणून तिच्यात झडपा असतात. म्हणून सर्जन ती उलटी करून बसवतात, घोट्याकडचं टोक वर महाधमनीला आणि जांघेकडचं हृदयाच्या धमनीला.

रक्तवाहिन्या अशा शिवता येतात हे जगाला शिकवलं अलेक्सी कारेल यांनी. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लियाँ शहरात भोसकलं गेलं. त्यांची मोठी शीर तुटली होती आणि ती शिवायची कशी हे तेव्हा कुणालाच येत नव्हतं. लियाँमधला हा तरुण डॉक्टर त्यानंतर रेशमाचं भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे बारीक सुई-दोरा शिकला. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याआधी शिकागोत चार्ल्स गथ्री यांच्याबरोबर त्यानं कुत्र्यांमध्ये शिरेचा तुकडा धमनीच्या जागी शिवून पाहिला होता, आणि शिरेची भिंत जाड होत जाते हेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पायातली शीर हृदयासाठी पद्धतशीर वापरायला सुरुवात झाली ती रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननं १९६७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये केलेल्या शस्त्रक्रियांपासून. भारतात १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये पहिली यशस्वी बायपास केली.

शस्त्रक्रियेच्या त्या काही तासांत शिरेवर काय गुदरतं ते तिच्या बाजूनं पाहू. तिच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. कुठे गळत नाही ना हे बघायला तिला द्रव भरून फुगवतात. या हाताळणीत अस्तराच्या कित्येक पेशी निघून जातात. मग चिमटा सुटतो आणि १० ची सवय असलेल्या भिंतीवर १२० चा ठोका आदळतो, मिनिटाला सत्तर वेळा. ती फुगते, रुंद होते, आधीच पातळ असलेली भिंत आणखी पातळ होते. ताण एकदम कित्येक पटींनी वाढतो.

ओढीचं काय होतं? शीर चार-पाच मिलिमीटर रुंद, आणि ज्या हृदयधमनीला ती जोडली ती दीड-दोन मिलिमीटरची. पुढची वाट अरुंद, त्यामुळे रुंद शिरेत रक्त संथ चालतं आणि ओढ कमी पडते. म्हणजे शिरेला एकाच वेळी दोन निरोप मिळतात. ताण सांगतो, जाड हो. मंद ओढ सांगते, अरुंद हो. या दोन्ही निरोपांना एकच उत्तर आहे, भिंत आतल्या बाजूनं जाड करणं. मधल्या थरातल्या स्नायूपेशी सरकत आतल्या थरात येतात, वाढतात, धागे विणतात. हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत होतं. यात रोग काही नाही. हे झालं नाही तर शीर धमनीचा दाब पेलूच शकणार नाही. सगळं नीट झालं तर भिंत पुरेशी जाड झाल्यावर ताण आणि ओढ दोन्ही मापात येतात, काम थांबतं आणि तो ग्राफ्ट वर्षानुवर्षं चालतो.

बिघडतं ते थांबण्यात. "वाढू नका" सांगणारा नायट्रिक ऑक्साइड अस्तरातून येतो, आणि अस्तरच जखमी झालेलं असतं. उघड्या पडलेल्या जागी रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी करणारे कण, चिकटतात आणि वाढीला चालना देणारी रसायनं सोडतात. जोडाच्या ठिकाणी रक्त घोटाळतं, तिथली ओढ कधीच धड एकमार्गी होत नाही, म्हणून तिथे जाडी वाढतच राहते. पहिल्या महिन्यात ग्राफ्ट बंद पडला तर बहुधा गुठळीनं पडतो. त्यानंतर वर्षभर या जाडीचा काळ. पुढे त्याच जाड थरात कोलेस्टेरॉल मुरतं आणि मूळ धमनीला झाला तोच आजार नव्या वाटेला होतो. दहा वर्षांनी शिरेच्या ग्राफ्टपैकी साधारण निम्मे ते साठ टक्के उघडे सापडतात. बाबांचा दोनातला एक उघडा आहे. हे कळल्यावर आमच्या घरातला पथ्याचा वाद बराच निवळला.

येल विद्यापीठातल्या एका गटाचं २००७ चं काम माझ्या मनात घर करून आहे. गर्भातच धमनीच्या आणि शिरेच्या पेशींवर वेगवेगळी ओळखखूण उमटते, धमनीवर एफ्रिन-बी२ आणि शिरेवर एफ-बी४. शिरेचे ग्राफ्ट तपासले तर शिरेची खूण पुसट झालेली होती आणि धमनीची उमटलेली नव्हती. माहेरचं नाव गेलं, सासरचं लागलं नाही, अशी तिची अवस्था.

मग छातीतली धमनी का टिकते? ती जन्मानं धमनीच आहे, दाब तिला नवा नाही. तिचं वरचं टोक कापतही नाहीत, खालचं तेवढं सोडवून हृदयाला जोडतात, त्यामुळे तिची फारशी हाताळणी होत नाही. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर बनवतं, आणि तिचं माप हृदयधमनीच्या जवळचं असतं. दहा वर्षांनीही अशा दहातल्या नऊहून अधिक धमन्या उघड्या राहतात. हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला ती जोडलेले रुग्ण अधिक जगतात, हे क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी १९८६ मध्ये दाखवलं, तेव्हापासून ती पहिली पसंती झाली. पण तिलाही ओढीचा नियम चुकत नाही. मूळ धमनीतला अडथळा किरकोळ असताना बायपास केला, तर रक्त जुन्याच वाटेनं जातं, ग्राफ्टमध्ये ओढ उरत नाही आणि तो दोऱ्यासारखा आक्रसतो. "पन्नास टक्के ब्लॉकेज आहे तर तोही उरकून टाका ना" या आपल्या आग्रहाला सर्जन का तयार होत नाहीत, ते आता कळेल.

आत्याच्या मनगटातली शीर मात्र खुलली, कारण तिथे गणित उलटं आहे. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला २०-३० मिलिलिटर रक्त जातं. शिरेशी जोड झाल्याबरोबर ते २००-३०० होतं, आणि काही आठवड्यांत ६०० च्या वर. शिरेचं पुढचं टोक मोकळं असल्यानं दाब फार चढत नाही. ओढ प्रचंड, ताण बेताचा. म्हणून ती प्रामुख्यानं रुंदावते, आणि तिला रक्त देणारी धमनीही रुंदावते. ही युक्ती न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये मांडली. फिस्टुलाची शीर तयार झाली का हे बघायला डायलिसिसवाल्यांचा एक सहाचा हिशेब आहे: सहा आठवड्यांत सहा मिलिमीटर व्यास, मिनिटाला ६०० मिलिलिटर प्रवाह आणि कातडीखाली सहा मिलिमीटरच्या आत. बरेच फिस्टुले या मापाला पोचत नाहीत. जोडाच्या लगेच पुढे, जिथे रक्त भोवऱ्यात फिरतं, तिथे इथेही भिंत जाड होऊन वाट अडते.

मग या थांबण्याला मदत करता येईल का? बबून माकडांत बसवलेल्या कृत्रिम ग्राफ्टमधला प्रवाह वाढवला तर आधी जाड झालेला थर पुन्हा पातळ झाला. म्हणजे वाढ मागेही फिरू शकते. माणसांत मात्र पेशींची वाढ औषधानं थोपवण्याचा मोठा प्रयत्न फसला. शिरेला बसवण्याआधी एका औषधात भिजवून पाहण्याची चाचणी ३,००० हून अधिक रुग्णांवर झाली, २००५ मध्ये निकाल आला, फरक शून्य. माझ्या समजुतीप्रमाणे तिथे चूक अशी होती, की वाढ हीच शत्रू मानली गेली. काही वाढ तर शिरेला हवीच असते.

त्यापेक्षा मला स्वीडनच्या ओरेब्रोमधली वाट पटते. डोमिंगोस सोझा यांनी शीर काढताना तिच्याभोवतीची चरबीची गादी तशीच ठेवली आणि तिला फुगवणं बंद केलं. अस्तर शाबूत राहिलं, भिंतीचा रक्तपुरवठा टिकला. १६ वर्षांनी पाहिलं तर अशा शिरांपैकी ८३ टक्के उघड्या होत्या, नेहमीच्या पद्धतीनं काढलेल्यांपैकी ६४ टक्के. यात पायाची जखम भरायला जास्त त्रास होतो, विशेषतः मधुमेहींना, हेही खरं. पण शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनना "शीर कोणत्या पद्धतीनं काढणार?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतर आपल्या हातात अॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, तंबाखू आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद करणं आणि दाब आटोक्यात ठेवणं असतं. यातली कोणतीही गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून परस्पर सोडायची नाही.

आत्यानं डाव्या हातातल्या बांगड्या उतरवून उजव्या हातात घातल्या, त्याला दोन वर्षं झाली. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, पिशवीचे बंद अडकवणं नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी ती बोटं टेकवून मांजर आहे ना ते बघते. एकदा श्रावणात, जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं होतं तेव्हा, घुरघुर लागेना. तिनं चहा ठेवलाच नाही, आधी डायलिसिसच्या सिस्टरना फोन लावला. गुठळी ताजी होती, त्याच दिवशी निघाली, आणि संध्याकाळी तिनं माझा हात ओढून आपल्या मनगटावर ठेवला.